शेजारणीच्या पाटीचं वजन

मित्रांनो, मी एक अर्धी जुनी सायकल आहे. मागची अर्धी जुनी, पुढची अर्धी नवी. तुमच्यातले हिशेबाला पक्के असणारे लगेच विचारतील, मग वय कोणतं धरायचं? ते मलाही कधी ठरवता आलं नाही. मागच्या चाकाकडून मोजलं तर मी पस्तिशी ओलांडलेली आहे, आणि पुढच्या चाकाकडून मोजलं तर तुमच्या बालवाडीत जाणाऱ्या भावंडाएवढी.

सध्या माझा मुक्काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या गाळ्यात आहे. दाराशेजारच्या भिंतीवर मला दोन खुंट्यांना टांगलं आहे. मला स्टँडवर उभं राहायलासुद्धा कधी आवडलं नाही, टांगून घेणं तर मुळीच नाही. दारातून दिवसभर माणसं, टेम्पो, कुत्री, सगळे ये-जा करतात आणि मी एका जागी. जिवाची नुसती तगमग होते. पाय चालत नाहीत म्हणून मग तोंड चालवते.

माझी मागची बाजू रावजी पगारे यांच्या सायकलीची. रावजी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. तिथे त्यांचं काम मोजण्याचं. तीस वर्षं मोजून मोजून त्यांना ती खोड लागली. जिना चढताना पायऱ्या मोजणार, जेवताना पोळ्या मोजणार. माझ्यावर बसून कामावर जाताना वाटेतले विजेचे खांब मोजणार, आणि एखादा कमी भरला तर परत येताना पुन्हा मोजणार. त्यांच्या संगतीनं ती खोड मलाही लागली. फक्त मी खांब मोजत नाही, माणसं मोजते. माझ्याकडे दोन रकाने आहेत. एकात माणसं काय बोलली ते लिहायचं, दुसऱ्यात त्यांनी काय केलं ते. दोन्ही रकान्यांची बेरीज कधी सारखी येत नाही. पण करमणूक होते.

रावजींची मुलगी तृप्ती. ती अंबडमधल्याच एका कारखान्यात तपासणी विभागात होती. गाडीचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर निघाला तर हिरवा शिक्का, चुकला तर लाल. नोकरी चांगली होती. पण ही मुलगी एका जागी बसणारी नव्हे. ती चहासुद्धा उभ्यानं प्यायची, आणि तेवढ्यात समोरच्या कपाटाची बिजागरी तपासून घ्यायची.

एका रविवारी ती पंचवटीत भाजी घ्यायला गेली. तिथे झुंबरबाई नावाच्या भाजीवाल्या बाई डोक्यावरची पाटी उतरवत होत्या. पाटी खाली आली, पण झुंबरबाईंची मान काही वर येईना. चांगली मिनिटभर ती तशीच दबून राहिली.

"मावशी, दुखते का?" तृप्तीनं विचारलं.

"दुखायला काय झालं? सवय झालीय. तू मेथी घेणारेस का मान?"

तृप्तीनं मेथी घेतली, आणि मनात ती मानही घरी नेली. दोन महिन्यांत तिनं नोकरी सोडली. डोक्यावरची पाटी जिच्यावर ठेवता येईल आणि साडी नेसलेल्या बाईला जी चालवता येईल, अशा सायकली करायच्या, असं तिनं घरी जाहीर केलं.

रावजी जेवत होते. तिसऱ्या पोळीवर थांबले.

"लोक सायकल सोडून गाडी घेतात. तू गाडीच्या कारखान्यातली नोकरी सोडून सायकल करणार?"

"हो पप्पा."

"भांडवल?"

"सुरुवातीला तुमची जुनी सायकल."

रावजींनी चौथी पोळी घेतली नाही. हे मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं आहे.

अशी मी या गाळ्यात आले. गाळा योगेशचा. योगेश मूळचा दिंडोरीकडचा, वेल्डिंगमध्ये हात सोन्याचा, जीभ मात्र विळ्याची. मला उलटी करून त्यानं बोटांनी ठोकून पाहिलं. "लोखंड जुनं हाय, पण लय इमानदार," तो म्हणाला. अशी स्तुती करून त्यानं ग्राइंडर चालू केला आणि मला मधोमध कापलं. माणसांच्या स्तुतीनंतर सावध राहावं, हा धडा मी तिथे शिकले.

मागचा भाग जुनाच राहिला. पुढे नवा सांगाडा जोडला. मधली दांडी इतकी खाली घेतली की साडीचा घोळ अडकू नये. पुढचं चाक लहान केलं आणि त्याच्यावर, कमरेच्या उंचीला, पाटी ठेवायची बैठक बसवली. ही बैठक हँडलला जोडलेली नाही, माझ्या मानेला जोडलेली आहे. सायकलीची मान म्हणजे सांगाड्याचा पुढचा नळा, ज्यातून हँडलचा दांडा खाली चाकापर्यंत जातो. त्यामुळे हँडल वळलं तरी भरलेली पाटी वळत नाही, बाईचा तोल जात नाही. ही खास तृप्तीची कल्पना. यासाठी तिनं माझं हँडल अकरा वेळा बदललं, बैठक सात वेळा कापली. एक आठवडा मी पूर्ण सायकल असायचे, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तुकडे. तिला चैन नव्हतं, म्हणून मलाही नव्हतं. शेवटी मला निळा रंग दिला आणि नाव ठेवलं, 'पाटी सायकल'. माझा क्रमांक एक.

आता वजनाचं सांगते. नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलं.

तृप्ती तपासणी विभागातली. अंदाजानं काही करणार नाही. पंचवटीतल्या एकोणीस भाजीवाल्या बायकांना तिनं विचारलं, "तुम्ही रोज किती ओझं नेता?" झुंबरबाई म्हणाल्या, "एक शेकडा. शंभर जुड्या मेथी. दुसरं काय असणार?" बाकीच्यांनीही असंच सांगितलं. तृप्तीनं खरोखर शंभर जुड्या विकत घेतल्या. व्यापारी शेकड्यावर पाच जुड्या वरच्या देतात, त्याही धरल्या. बायका भाजी टवटवीत दिसावी म्हणून पाण्यात बुचकळतात, म्हणून तिनंही बुचकळली आणि निथळत असतानाच काट्यावर ठेवली. पाटीसकट अठ्ठेचाळीस किलो भरलं. तिनं पाव हिस्सा जादा धरून साठ केलं. साठ किलो वाळूची पोती माझ्यावर लादून योगेशनं मला महिनाभर अंबडच्या खड्ड्यांतून फिरवलं. मी टिकले. तृप्तीनं माझ्यावर साठ किलोचा हिरवा शिक्का मारला. त्या आठवड्यात योगेशच्या घरी मात्र रोज मेथीची भाजी होती.

पुढे झुंबरबाईंना सायकल शिकवायची होती. त्यासाठी तपोवनाजवळचं मोकळं मैदान गाठलं. वय बावन्न, पायात स्लीपर, पदर खोचलेला.

"पुढं बघा मावशी, चाकाकडे नको!" तृप्ती मागून धावत ओरडायची.

"पुढं बघितलं तर खालचं कोण बघणार? तू?"

चार दिवस मला मैदानातली सगळी बाभळीची झुडपं दाखवून झाली. पाचव्या दिवशी तृप्तीनं हात कधी सोडला ते झुंबरबाईंना कळलंच नाही. मैदानाच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं, कुणी नाही, आणि मग घाबरून धाडकन पडल्या. उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं ही मजा फक्त बाप्यांनीच घेतली होय!"

मित्रांनो, पुढचे चार-पाच महिने माझ्या सुखाचे. सकाळी पंचवटीच्या बाजारातून पाटी उचलायची, होळकर पुलावरून रविवार कारंजाकडचा चढ चढायचा आणि तिथून कॉलन्या पालथ्या घालायच्या. मला तर हेच हवं होतं. लोक थांबून बघायचे. कुणी फोटो काढायचं, कुणी घंटी वाजवून बघायचं. एका रिक्षावाल्यानं तर विचारलं, "मावशी, ॲव्हरेज किती देते?" झुंबरबाई म्हणाल्या, "दोन भाकरीत पंचवटी ते कॉलेज रोड." वर्तमानपत्रात माझं छायाचित्र आलं, त्यात माझं मागचं चाक कापलं होतं. माझ्या पहिल्या रकान्यात तेवढ्या दिवसांत दोनशे बारा वेळा 'वा!' लिहिलं गेलं. दुसऱ्या रकान्यात तेल घातल्याच्या नोंदी होत्या तीन.

दिवाळीनंतर माझ्या मानेतून आवाज येऊ लागला. किर्र. पुलाच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे पहिल्यांदा आला. नंतर प्रत्येक गतिरोधकाला. मी सांगत होते, पण आम्हा वस्तूंची भाषा ही अशी, एकाच शब्दाची. झुंबरबाईंनी गाळ्यात निरोप दिला, "कुरकुरतीय." योगेश आला, त्यानं मानेत तेल सोडलं. दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी पुन्हा किर्र. मग त्यानं ग्रीस भरलं. मग झुंबरबाईंनी लिंबू-मिरची बांधली. ज्यानं त्यानं आपल्याजवळ जे होतं ते दिलं. दुखतंय कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत गाळ्यावर धनराज साहेब आले. एका मोठ्या कंपनीचा समाजकार्याचा निधी ते सांभाळत. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्ट त्याला आधी फोटोत दिसायची आणि मग डोळ्यांना.

"पन्नास सायकली," ते म्हणाले. "आठ मार्च, महिला दिन. पन्नास भगिनी एका रांगेत. आणि रंग गुलाबी."

झुंबरबाई तिथेच होत्या. "गुलाबीवर चिखल दिसतो, साहेब."

"फोटोत छान येतो, मावशी."

"मग फोटोतच चालवा."

योगेश खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. पण तृप्तीनं गुलाबी मान्य केला. पन्नास सायकली म्हणजे गाळ्याचं भाडं, योगेशचा पगार, आणि रावजींच्या चौथ्या पोळीचं उत्तर. या मागणीवरच तिची कंपनी उभी राहणार होती, नाहीतर नुसती एक निळी सायकल आणि एक हौस, एवढंच उरणार होतं. त्या दिवसापासून गाळ्यात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बावीस सांगाडे वेल्डिंग होऊन ओळीनं उभे राहिले, सगळे हुबेहूब माझ्यासारखे.

क्रमांक एक मंचावर हार घालून उभी राहणार, असं ठरलं. म्हणून मला गुलाबी करायला गाळ्यात आणलं. योगेश माझा निळा रंग घासून काढायला बसला. मानेपाशी त्याचा हात थांबला. त्यानं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ताई, जरा इकडं या."

केसाएवढी भेग. बैठक जिथे मानेला जोडली होती, अगदी तिथे. मी केव्हापासून सांगत होते तीच.

"माझं वेल्डिंग नाय सुटलं," योगेश पहिल्यांदा हे म्हणाला. माणसं पहिल्यांदा हेच म्हणतात. "बघा, जोड जागेवर हाय. नळाच फाटलाय. वजन जास्त झालं."

"साठ किलोला फाटणार नाही. आपण महिनाभर तपासलंय."

"मग आठेचाळीसला तर नायच फाटणार. पण फाटलाय."

दोघंही बाकीच्या बावीस सांगाड्यांकडे बघत राहिले. आठ मार्चला सोळा दिवस होते. मग योगेश हळूच म्हणाला, "वेल्डिंगचा एक टाका मारतो. वरून पुट्टी, वरून गुलाबी. मंचावर उभीच तर राहायचीय. कुणाला कळणार नाय."

"आणि बाकीच्या?"

"त्यांना कुठं भेग हाय? आज तरी नाय."

तृप्ती नाही म्हणाली नाही. मित्रांनो, मला ती आवडते, तरी हे सांगितलंच पाहिजे. ती "बघू" म्हणाली. बघू म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही गृहपाठाला म्हणता. योगेशनं टाका मारला, पुट्टी भरली, मला गुलाबी केलं. आरशासारखी चकचकीत झाले. गाळ्यात येणारा प्रत्येक जण 'वा!' म्हणाला आणि पहिल्यांदाच मला तो रकाना भरावासा वाटेना. त्या दिवशी तृप्ती खुर्चीवर बसून चहा प्यायली. चहा गार झाला तरी बसूनच होती. तेव्हा मला तिची खरी काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी रावजी आले. सवयीनं त्यांनी सांगाडे मोजले. बावीस. मग माझ्यापाशी आले, जुन्या ओळखीनं मागच्या चाकावर हात ठेवला आणि हात पुढे सरकवत मानेपर्यंत नेला. नोटांच्या कागदावर तीस वर्षं फिरलेला अंगठा तो. मानेवर आल्यावर थबकला.

"इथे काय भरलंय?"

तृप्तीनं सगळं सांगितलं. रावजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू मोजलंस ते बरोबर?"

"दोनदा मोजलं, पप्पा."

"मग चूक मोजण्यात नाही. काहीतरी मोजायचं राहिलंय. मला कधी खांब कमी भरायचा ना, तेव्हा खांब गेलेला नसायचा. मीच बघितलेला नसायचा."

एवढंच बोलून ते पाण्याचा तांब्या शोधायला गेले. उपदेश करणं त्यांच्या स्वभावात नाही. पुन्हा खांब मोजणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती मला घेऊन पंचवटीत गेली. झुंबरबाईंना म्हणाली, "आज मावशी, सायकलवर बसू नका, हातानं ढकलत न्या, मी नुसती बरोबर चालणार. बाकी सगळं रोजच्यासारखं करा. मला काही सांगू नका."

"चाल की. रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

झुंबरबाईंनी आपली पाटी बैठकीवर ठेवली. शंभर जुड्या, वरच्या पाच. अठ्ठेचाळीस किलो. मला सवयीचं. सायकल गल्लीच्या तोंडाशी आली, आणि तिथे ओट्यावर धोंडाबाई बसल्या होत्या. धोंडाबाई पेठकडच्या, डोंगरातल्या. जीपनं यायच्या, डोंगरातली नागली, म्हणजे नाचणी, आणि रानभाजी शहरात विकायच्या. वय सत्तरीचं, गुडघे दोन्ही गेलेले. झुंबरबाईंनी मला थांबवलं. न बोलता धोंडाबाईंचं नागलीचं गाठोडं उचललं आणि आपल्या पाटीवर ठेवलं. त्यावर रानभाजीची टोपली. आणि चालायला लागल्या. धोंडाबाई काठी टेकत मागून.

माझी मान बोलली. किर्र.

तृप्ती जागच्या जागी उभी राहिली. "मावशी, हे काय?"

"हे? हे धोंडाबाईचं."

"रोज असतं?"

"रोज कुठलं! सोमवारी ती येत नाही."

"अहो, पण मी तुम्हाला विचारलं होतं ना, किती ओझं नेता म्हणून!"

"मग? मी खरंच सांगितलं. माझं एक शेकडा. हे माझं थोडंच आहे? हे तिचं आहे. तिच्या पाटीचा हिशेब मी कसा देऊ? उपकार मोजल्यासारखं नाही का होणार?"

मागून धोंडाबाई म्हणाल्या, "मी तिला सांगतेय, नको घेऊ. ती ऐकत नाय."

"तू गप चाल," झुंबरबाई म्हणाल्या.

तृप्तीनं रस्त्यावरच, दुकानदाराचा काटा मागून, धोंडाबाईंचं गाठोडं आणि टोपली मोजली. चौतीस किलो. अठ्ठेचाळीस आणि चौतीस, ब्याऐंशी. माझ्या शिक्क्यावर साठ. त्या दिवशी ती बाकीच्या अठरा जणींकडेही गेली. पण प्रश्न बदलून. "तुमचं किती?" असं विचारलं नाही. "आणि दुसरं कुणाचं?" असं विचारलं. एकोणीसपैकी पंधराजणी कुणाचं तरी ओझं नेत होत्या. बहिणीचं, शेजारणीचं, आजारी सुनेचं. एकीनंही आधी सांगितलं नव्हतं, आणि एकीही खोटं बोलली नव्हती.

दुपारी तृप्तीनं धनराज साहेबांना गाळ्यात बोलावलं.

"आठ तारखेला सायकली देता येणार नाहीत," ती म्हणाली. "मानेला जाड पट्टी लावावी लागेल, पुन्हा तपासावं लागेल. तीन महिने द्या."

"मॅडम, एकतीस मार्चला निधी परत जातो. मंडप ठरलाय, पाहुणे ठरलेत. आहेत तशा द्या. मोडली एखादी, तर नंतर दुरुस्त करू. तुमची वॉरंटी असेलच ना?"

तिनं मला दाराबाहेर उतारावर नेलं. बैठकीवर वाळूची पोती ठेवली, काट्यावर मोजून, ब्याऐंशी किलो. मग ओल्या फडक्यानं नव्हे, सरळ पॉलिश पेपरनं माझ्या मानेवरचा गुलाबी रंग आणि पुट्टी घासली. टाक्याच्या शेजारीच भेग पुढं सरकलेली दिसली.

"साहेब, तुम्ही बसता का? एक चक्कर फक्त. उतारावरून त्या गतिरोधकापर्यंत."

धनराज साहेब हसले. बसायला पुढं झालेही. एक पाय त्यांनी पलीकडे टाकला. मग त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. त्यांनी पाय परत घेतला.

"नको. पँट खराब होईल."

दुसऱ्या रकान्यातली ही माझी सगळ्यात आवडती नोंद.

मग योगेशनं मला बाजूनं धरून, सीटवर कुणालाही न बसवता, उतारावरून ढकलत नेलं. गतिरोधकावरून एकदा. किर्र. परत वर आणलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मित्रांनो, मला भीती वाटत होती आणि घाईही झाली होती. इतके महिने एकच शब्द बोलत होते, आता पूर्ण वाक्य बोलायची संधी आली होती. सहाव्या खेपेला मी ते बोलले. मान कडकन तुटली, पोती पुढे कोसळली, वाळू रस्ताभर झाली, आणि पुढचं चाक एकटंच गटारापर्यंत धावत गेलं. पाटीमागे बाई असती तर कुठे पडली असती, ते सगळ्यांना दिसत होतं. तिथे आता वाळूचा ढीग होता.

धनराज साहेबांनी फोटोसाठी हातात घेतलेला मोबाईल खिशात ठेवला. "मी वरच्यांना काय सांगू?" ते पुटपुटले.

"जे बघितलं ते सांगा," तृप्ती म्हणाली.

गोष्टीत अशा वेळी साहेबांचं मन पालटतं. इथे पालटलं नाही. मागणी गेली. आठ मार्चला त्या मंडपात पन्नास भगिनींना पन्नास गुलाबी छत्र्या वाटल्या. नाशिकच्या मार्चच्या उन्हात छत्रीही कामाला येते, हे कबूल केलं पाहिजे. झुंबरबाईंनाही एक मिळाली. त्यांनी ती मेथीवर धरली.

तृप्तीनं सकाळपाळीला दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा तपासणीचं काम धरलं. योगेश खिडक्यांच्या जाळ्या करून देऊ लागला. दुपारनंतर दोघं मिळून बावीस सांगाड्यांच्या माना एकेक करून कापायचे आणि जाड पट्टी घालून पुन्हा जोडायचे. योगेश कापताना शिव्या द्यायचा. कुणाला, ते नक्की नसायचं. बहुतेक मेथीला. माझे दोन तुकडे त्यानं भंगारात टाकायला काढले होते. तृप्तीनं थांबवलं. तेव्हापासून मी या खुंट्यांवर आहे. गाळ्यात नवीन येणाऱ्या कामगाराला ती आधी माझ्या तुटक्या मानेवर बोट फिरवायला लावते, मगच हातात पाना देते. मला गुदगुल्या होतात आणि थोडी लाजही वाटते. पण कामाची आहे, म्हणून सोसते.

नवी पहिली सायकल ऑगस्टमध्ये बाहेर पडली. तिचा शिक्का एकशे तीस किलोचा. रंग बाजारातल्या बायकांनीच ठरवला, मातकट तपकिरी, ज्यावर चिखल दिसत नाही. झुंबरबाई आपल्या बचत गटातून ती घ्यायला आल्या होत्या, सोबत धोंडाबाई. तृप्तीच्या नोंदणीच्या कागदावर आता दोन प्रश्न आहेत. तुमचं ओझं किती? दुसऱ्याचं किती? झुंबरबाईंनी या वेळी दोन्ही आकडे सांगितले, आणि सही करून दिली.

मग त्या सायकलीवर बसल्या आणि अगदी सहज धोंडाबाईंना म्हणाल्या, "चल, बस पुढं बैठकीवर. नाक्यापर्यंत सोडते, तिथून रिक्षा मिळेल. तुझे गुडघे काय चालणारेत?"

धोंडाबाई बसल्यासुद्धा. सायकल निघाली.

"ओ मावशी! थांबा!" तृप्ती कागद घेऊन धावत सुटली. "हे कुठे लिहिलंय?"

"हे काय ओझं आहे का? ही माणूस आहे!"

"माणसाला वजन नसतं का? धोंडाबाई, तुमचं वजन किती?"

धोंडाबाईंना प्रश्नच कळेना. मग त्या हसायला लागल्या. "माझं? बाई, मला कुणी आजवर इचारलंच नाय."

योगेशनं काटा आणला. एरवी त्यावर लोखंड मोजलं जातं. त्या दिवशी धोंडाबाईंना धरून वर उभं केलं. अडतीस किलो. दोघींच्या ओझ्याच्या ब्याऐंशी किलोत तृप्तीनं ते मिळवले, एकशे वीस, म्हणजे शिक्क्याच्या आत. पुन्हा केली. रावजींची मुलगी ना. मग तिनं तो आकडा कागदावर लिहिला आणि सायकलीला जाऊ दिलं. मी भिंतीवरून कान देऊन ऐकत होते. रस्त्यावरचा तोच गतिरोधक आला. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. आवाज आला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातलं काही कुरकुरू लागलं, दार असो, पंखा असो की आजोबांचा गुडघा, तर आधी तेलाची बाटली शोधू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय आणि कुणाचं ओझं उचललंय. तुमचं दप्तर किती जड असं कुणी विचारलं, तर त्यात मैत्रिणीची पाण्याची बाटली असेल तीही सांगा. त्यानं उपकार कमी होत नाही. फक्त पट्टा तुटायच्या आधी कुणीतरी तो जाड करून देतं. माझी मान गेली, तेव्हा कुठे एका म्हातारीला काट्यावर उभं केलं. तुम्ही एवढा उशीर करू नका. आणि मला खाली उतरवून एक चक्कर मारायची कुणाची इच्छा असेल, तर माझी तयारी आहे. मान नाही, एवढंच.